टर्की आजारी पडली तर काय करावे: परसात टर्की पाळणाऱ्यांसाठी

टर्की म्हणजे मोठी कोंबडी, असे धरून आपण तिला पाळायला घेतो. मीही तसेच केले. पहिल्या वर्षी आणलेली सहा पिल्ले गावरान कोंबड्यांबरोबर एकाच खुराड्यात सोडली आणि ती दोन महिन्यांची होईपर्यंत त्यातली चार गेली. कोंबड्या मात्र ठणठणीत होत्या. आजार त्यांच्याकडूनच येत होता, हे फार उशिरा कळले. त्या चार पिल्लांची आठवण आजही टोचते, म्हणून जे शिकलो ते सविस्तर सांगतो.

आधी वेगळी करा, मग औषधाचा विचार

पंख ढिले सोडून, मान आत ओढून, डोळे मिटून एका कोपऱ्यात उभी राहिलेली टर्की आजारी असते. ती खायला आली नाही, तर संध्याकाळपर्यंत वाट पाहू नका. तिला कोरड्या, वारा न लागणाऱ्या जागी ठेवा. खाली भाताचे तूस किंवा जुनी गोणपाटे अंथरा आणि एका बाजूला साठ वॉटचा बल्ब लावा, म्हणजे तिला हवे तेव्हा उबेजवळ जाता येईल. टर्कीला एकटेपणा सोसत नाही, त्यामुळे बाकीचे पक्षी तिला दिसतील अशी जागा निवडा. त्यांची शीट किंवा पाणी मात्र तिच्याकडे जाता कामा नये, आणि तिचे त्यांच्याकडे.

चोच उघडून पाणी ओतू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते. पाणी तिथे गेले तर आजारापेक्षा आपला उपचारच जीव घेतो. ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळते.

वजन करा. घरातल्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग पंख अंगाशी दाबून तिला छातीशी धरा आणि पुन्हा उभे राहा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तिचे वजन. डॉक्टर फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतात, कारण औषध किलोवर ठरते.

शीट पाहायला शिका

निरोगी टर्कीची शीट घट्ट, तपकिरी-हिरवट असते आणि तिच्यावर पांढरा थर असतो. मधूनमधून चॉकलेटी, चिकट, फार वास येणारी शीटही पडते. ती आतड्याच्या आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या पिशव्यांतून येते आणि तिला घाबरण्याचे कारण नाही. घाबरायचे ते गंधकासारखी पिवळी पडली तर.

पिवळी शीट: ब्लॅकहेड

माझी पिल्ले याच आजाराने गेली. हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय जीव आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांत आणि यकृतात शिरतो. तो एकटा बाहेर फार टिकत नाही. पण कोंबडीच्या आंधळ्या पिशव्यांत राहणाऱ्या बारीक जंताच्या अंड्यात लपून तो मातीत वर्षानुवर्षे राहतो. गांडुळे ती अंडी गिळतात आणि टर्की गांडुळे वेचते. कोंबडीला सहसा काही होत नाही, टर्कीच्या कळपात मात्र बहुतेक पक्षी मरू शकतात. नावावर जाऊ नका, डोके दरवेळी काळे पडतेच असे नाही.

पिवळी शीट दिसली की त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा. ते बहुधा मेट्रोनिडॅझोल देतात. अमेरिका आणि युरोपमध्ये या गटातली औषधे खाण्यासाठी पाळलेल्या पक्ष्यांना द्यायला बंदी आहे. त्यामुळे ते दिलेल्या टर्कीचे मांस किंवा अंडी खायची नाहीत, असे ठरवूनच उपचार सुरू करा. सोबत जंताचे औषध लागते. दुकानात सहज मिळणारे पिपरेझीन मोठ्या गोल जंतांवर चालते, पण या बारीक जंतांवर पुरेसे पडत नाही. फेनबेंडॅझोलबद्दल डॉक्टरांना विचारा. एकदा टर्कीत शिरलेला हा आजार जंताशिवायही एकीच्या शीटेतून दुसरीला होतो, म्हणून वेगळे ठेवणे इथे औषधाइतकेच महत्त्वाचे.

खरा उपाय आधीच करायचा असतो. कोंबड्या आणि टर्की यांची जमीन वेगळी ठेवा, फक्त खुराडे नव्हे. कोंबड्या वर्षानुवर्षे फिरलेल्या अंगणात टर्कीची पिल्ले सोडू नका. जागा कमी असेल तर पिल्ले जाळीच्या किंवा सिमेंटच्या तळावर वाढवा. कोंबड्यांकडची चप्पल टर्कीकडे घालून जाऊ नका. हे ऐकायला जाच वाटतो, पण मी चपलांचे दोन जोड ठेवल्यापासून माझ्याकडे पिवळी शीट दिसलेली नाही.

पातळ, रक्ताची झाक असलेली शीट: रक्ती हगवण

हा कॉक्सिडिओसिस. पावसाळ्यात तूस ओलसर झाले की पिल्लांत येतो. टर्कीत रक्त कोंबडीइतके स्पष्ट दिसत नाही, शेंबडासारखा चिकटपणा जास्त असतो. अँप्रोलियमची 20 टक्क्यांची पावडर मिळते. नेहमीचे प्रमाण एका लिटर पाण्याला 0.6 ग्रॅम, पाच दिवस. पाणी रोज ताजे करा आणि त्या दिवसांत दुसरे पाणी ठेवू नका. याच काळात बी-जीवनसत्त्वाचे टॉनिक देऊ नका. हे औषध परजीवीला बी-1 मिळू न देऊनच काम करते, त्यामुळे टॉनिकने त्याचा परिणाम कमी होतो. टॉनिक कोर्स संपल्यावर द्या. ओले तूस त्याच दिवशी काढून टाका.

खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी

टर्की एकाएकी लुळी पडली, पाय मागे ताणून पोटावर पडून राहिली, धापा टाकू लागली, तर आधी खाद्याचे पोते पाहा. ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवण होऊ नये म्हणून सॅलिनोमायसिन नावाचे औषध घालतात. कोंबडीला ते मानवते, टर्कीला विष ठरते. नॅरासिनचेही तसेच. यावर उतारा नाही. खाद्य ताबडतोब बंद करायचे, साधे भरडलेले धान्य आणि पाणी द्यायचे. पोते घेण्याआधी दुकानदाराला या दोन नावांनी विचारा, त्याला माहीत नसेल तर ते खाद्य घेऊ नका.

पिल्लांना प्रथिनेही जास्त लागतात, सुरुवातीच्या आठवड्यांत सुमारे 28 टक्के. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात ती बरीच कमी असतात. नायसिन हे जीवनसत्त्वही कमी पडते आणि पाय वाकडे होतात. पहिल्या पंधरा दिवसांत दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे कुस्करून द्या. पिल्ले खायला शिकत नसतील तर खाद्यावर हिरवा पाला बारीक चिरून टाका, त्या रंगाकडे ती ओढली जातात.

डोळ्याखाली फुगवटा, नाकातून पाणी

एका किंवा दोन्ही डोळ्यांखाली लिंबाएवढी सूज आली तर बहुतेक मायकोप्लाझ्मा, म्हणजे जिवाणूंमुळे होणारा श्वासाचा आजार. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण चमचा मीठ घालून डोळे-नाक पुसा. टायलोसिन किंवा डॉक्सिसायक्लिन डॉक्टरच्या चिठ्ठीनेच द्या. डॉक्सिसायक्लिन चालू असताना शिंपल्यांचा चुरा आणि दूध बंद, कारण त्यांतल्या चुन्याशी (कॅल्शियमशी) बांधले गेले की औषध अंगी लागत नाही. बरी झाली तरी ती आयुष्यभर वाहक राहू शकते. आजार अंड्यातूनही पिल्लाला जातो, तेव्हा तिची अंडी उबवू नका.

देवी, पायातला गळू

डोक्यावरच्या उघड्या कातडीवर फोड आणि खपल्या म्हणजे देवी. डास पसरवतात. खपल्या ओढू नका, पोव्हिडोन आयोडीन लावा, महिन्याभरात सुकतात. घशात पिवळट पडदा दिसला तर डॉक्टर हवाच. तळपायाच्या गळूचे मूळ बसायच्या उंच दांडीत असते: सात-आठ किलोचा नर रोज तिथून उडी मारतो. दांडी गुडघ्याच्या उंचीवर आणा.

लस

मानमोडीवर (राणीखेत) उपचार नाही, लसच आहे. मान वळणे, हिरवी शीट, पाय लुळे पडणे ही तिची लक्षणे. सामान्य वेळापत्रक असे: पहिल्या दिवशी मानमोडीची बी-1 नावाची लस, चौथ्या-पाचव्या आठवड्यात देवी, सहाव्या आठवड्यात मानमोडीची आर-2-बी, आठ ते दहा आठवड्यांत पटकीची लस. देवीची लस टर्कीला मांडीवर टोचून घ्या. ती झोपताना डोके पंखाखाली घालते, पंखावर टोचली तर तो आजार डोक्याला लागू शकतो. एका बाटलीत खूप डोस असतात, म्हणून गल्लीतल्या कोंबडीवाल्यांना गोळा करून एकाच सकाळी लस द्या.

मेलीच तर

एक मेली तर शव पिशवीत बांधा, बर्फात ठेवा पण गोठवू नका, आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. यकृतावर गोल, खोलगट डाग निघाले तर ब्लॅकहेड पक्का ठरतो आणि उरलेल्या वाचवता येतात.

दोन-तीन दिवसांत बरेच पक्षी पटापट मेले तर मात्र कापू नका, शिवू नका, कोणाला खायला देऊ नका. तो बर्ड फ्लू असू शकतो. भारतातला पहिला बर्ड फ्लू 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा आणि डॉक्टर येईपर्यंत फाटक बंद ठेवा.