समुद्रातलं वादळ आणि आपली बाग: बुलेटिन कसं वाचायचं, काय बांधायचं

27 ऑक्टोबर 2019, लक्ष्मीपूजन. त्या दिवशी अरबी समुद्रातलं क्यार सुपर सायक्लोन झालं. 2007च्या गोनूनंतर या समुद्रात एवढं मोठं वादळ पहिल्यांदाच झालं होतं. नकाशावर त्याची रेघ आपल्यापासून लांब, ओमानच्या बाजूला चाललेली. ती बघून मी निर्धास्त झाले आणि द्राक्षबागेची फवारणी दोन दिवस पुढं ढकलली. क्यारच्या पाठोपाठ महा आलं. दोन्ही वादळं महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागलीच नाहीत, पण आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या शिवारात ढग हटेनात. मधल्या प्लॉटमध्ये फुलोरा होता. घडाखाली तळहात धरून दांड्याला हलकी टिचकी मारली, तर बाजरीच्या दाण्याएवढे मणी ओंजळीत सांडले. देठाशी तपकिरी, ओलसर. त्या प्लॉटची गळ मी आजही विसरलेले नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कॅलेंडर डोक्यात ठेवा. आपल्या समुद्रात वादळांचे दोन हंगाम: एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, आणि दुसरा पाऊस परतल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. ऐन पावसाळ्यात पाणी गरम असलं तरी वरचे वारे एकीकडे आणि खालचे दुसरीकडे जोरात वाहतात, त्यामुळे ढगांचा मनोरा सरळ उभाच राहत नाही. पहिल्या हंगामात आपली धास्ती उन्हाळ कांद्याची, तो साठवायच्या चाळीची आणि तिच्या पत्र्याची. दुसऱ्यात द्राक्षाची. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झालेल्या बागा तेव्हा पोंग्यात (डोळे फुटताना) नाहीतर फुलोऱ्यात असतात. तिकडे बागलाण-देवळ्याकडच्या लवकर छाटलेल्या अर्ली बागांत घड गोडीवर आलेले असतात. त्यांचा मणी पाण्यानं तडकतो.

आता हवामान खात्याचं बुलेटिन. वारा ताशी 31 ते 49 किलोमीटर असेल तर डिप्रेशन, 50 ते 61 असेल तर डीप डिप्रेशन. 62ला पोचलं की चक्रीवादळ, आणि तेव्हाच त्याला नाव मिळतं. शेजारच्या देशांसह 13 देशांनी दिलेल्या यादीतून दिल्लीचं हवामान खातं ते नाव ठेवतं. टीव्हीवाले नाव पडल्यावर जागे होतात. तुम्ही तोवर थांबू नका. द्राक्षाला वाऱ्यापेक्षा ओल मारते, आणि ओल कमी दाबाच्या पट्ट्यातूनही येते. 2017च्या डिसेंबरात ओखी वादळ दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याशी येता येता विरलं, तरी आपल्याकडे पाऊस झालाच. आग्नेय किंवा पूर्व-मध्य अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, असं वाक्य दिसलं की माझी तयारी सुरू होते.

नकाशावरची रेघ ही फक्त वादळाच्या मध्याची असते. तिच्याभोवतीचा फुगत जाणारा पट्टा म्हणजे तो मध्य कुठं असू शकेल याचा अंदाज. पाऊस त्या पट्ट्यापुरता पडतो, असं समजू नका. ढगांचा पसारा मध्यापासून कित्येकशे किलोमीटर लांब जातो, आणि नाशिकपासून समुद्र सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरच आहे. सह्याद्री वाऱ्याचा जोर मोडतो, पण वरून येणारे ढग अडवत नाही. म्हणून रेघेच्या शेजारी इन्सॅट उपग्रहाचं ढगांचं चित्र उघडून बघा. दर अर्ध्या तासानं नवीन येतं. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असेल तर साडेपाच तास मिळवा, नाहीतर दुपारचं चित्र सकाळचं समजून बसाल. पांढरा पट्टा कोकणावरून घाटाकडे सरकताना दिसला, की मग मुंबईच्या प्रादेशिक केंद्राचा नाशिक जिल्ह्याचा अंदाज आणि त्याच्या इशाऱ्याचा रंग बघा. वादळ झाल्यावर बुलेटिन दर तीन तासांनी येतं. मी सकाळी, दुपारी आणि रात्री जेवणानंतर असं तीनदाच बघते. सारखं बघत राहिलं की निर्णय होत नाहीत.

बागेतलं काम पाऊस यायच्या आधीच व्हायला हवं. फेलफुटी, म्हणजे नको असलेल्या फुटी, काढून कॅनॉपी (पानांचा पसारा) मोकळी करा, म्हणजे पानं लवकर वाळतील. सरीतलं पाणी निघून जाईल असे चर उघडा. डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी संरक्षक फवारणी पानं कोरडी असताना घ्या आणि तिला सुकायला वेळ मिळू द्या. एकदा काळी माती भिजली की ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर ओळीत जात नाही, ट्रॅक्टर रुततो. तेव्हा डस्टिंग (औषधाची भुकटी धुरळणं) किंवा पाठीवरचा पंप, एवढंच हातात उरतं. औषध कोणतं, किती, हे लेबल आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) बघून ठरवा, विशेषतः माल निर्यातीचा असेल तर. आणि माझं ठाम मत आहे की सगळी बाग एकाच आठवड्यात छाटू नये. 2019नंतर मी तिन्ही प्लॉटच्या छाटणीत बारा-बारा दिवसांचं अंतर ठेवते. मजुरांची जुळणी अवघड जाते, पण एकाच वादळात तिन्ही प्लॉटचा फुलोरा सापडत नाही.

कांदा चाळीचं थोडं निवांत सांगते. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि कमजोर होत संध्याकाळी आपल्या जिल्ह्याकडे सरकलं. पाऊस नेहमी पश्चिमेकडून येतो म्हणून मी ताडपत्री पश्चिमेला घट्ट आवळली होती. वारा आला पूर्वेचा. वादळ आपल्याकडे येत असतं तेव्हा वारा एका बाजूनं येतो, आणि मध्य पुढं सरकला की दिशा फिरते, कारण वारे मध्याभोवती घड्याळाच्या उलट फिरत असतात. पूर्वेकडचा मोकळा कोपरा फडफडत वर गेला आणि त्या बाजूच्या फळीतला कांदा भिजला. आठ दिवसांनी तिथून सडका वास यायला लागला. एकेक कांदा हातात घेऊन मान दाबून पाहिली. मऊ लागला तो बाहेर.

तेव्हा चारही बाजू बांधा. दोरी ताडपत्रीच्या भोकाला न बांधता, कडेला लहान दगड गुंडाळून त्याच्या मानेला गाठ मारा. भोक फाटतं, दगडाची गाठ सुटत नाही. खालून हात-दीड हात मोकळं ठेवा, नाहीतर कांदा आतल्या आत घामतो. पाऊस थांबला की त्याच तासाला कनाती, म्हणजे बाजूच्या ताडपत्र्या, वर करा. पत्र्यांचे हुक आदल्या दिवशी आवळून घ्या.

विजा चमकत असताना द्राक्षाच्या मांडवाखाली थांबू नका. आपल्या बागेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोखंडी तार असते, वीज लांब पडली तरी तारेतून येते. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मजुरांच्या फोनमध्येही टाकून द्या. विजेची तार तुटून मांडवावर पडली असेल तर पुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय ओळीत पाऊल टाकू नका.

पाऊस उघडल्यावर फोटो काढा: प्लॉटचा, घडाचा, चाळीचा. तलाठी आणि कृषी सहायकांना पंचनाम्यासाठी लगेच कळवा. हवामान आधारित फळपीक विम्याचं गणित मात्र तुमच्या बागेतल्या पावसावर चालत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर चालतं. ते केंद्र कुठं आहे, हे हंगामाआधीच माहीत करून घ्या. मी बांधावर साधं पर्जन्यमापक लावलं आहे. सकाळी साडेआठला वाचून वहीत तारीख, मिलिमीटर आणि बागेची अवस्था लिहिते: मधला प्लॉट, छाटणीपासून अडतिसावा दिवस, फुलोरा.