गिटार मधेच बंद पडते? सोल्डर तापवायच्या आधी हे बघा

आपल्याकडं परभणी-नांदेड साईडला इलेक्ट्रिक गिटार बिघडली की लोक सरळ पुण्याला पाठव म्हणतात, पण बऱ्याचदा फॉल्ट इतका साधा असतो की पाना आणि मल्टिमीटरवर काम भागतं. माझी गिटार १३ एप्रिलच्या रात्री, जयंतीच्या प्रोग्रामची प्रॅक्टिस चालू असताना खर्रर्र करून गप झाली. मी घाबरून तारा काढल्या, पिकगार्ड (तारांखालची प्लास्टिकची प्लेट) खोललं, चांगल्या वायरींना उगं नवे डाग (सोल्डर) मारले आणि शेवटी निघालं काय, तर केबल घालतो त्या जॅकचं नट ढिलं, जॅक फिरून फिरून आतली वायर पिळून तुटत आलेली.

म्हणून आधी दुसरी केबल लावून बघा, मग जॅक. जॅकची प्लेट बहुतेक दोन स्क्रूवर असते, ती काढा, आतून जॅक हातानं धरा आणि मगच बाहेरचं नट आवळा, नुसतं बाहेरून आवळलं तर आतल्या वायरी परत पिळतात. पिन खटकन बसत नसल तर जॅकची लांब पत्ती नोज प्लायरनं जराशी आत दाबा, जास्त नाही.

जॅक ठीक निघाला तरी गिटार लगेच खोलू नका. केबल गिटारमधेच राहू द्या, ॲम्पकडचं टोक काढा, व्हॉल्यूम-टोन फुल करा, मल्टिमीटर ओहमच्या २० के रेंजवर ठेवा, एक प्रोब पिनच्या टोकाला, दुसरा मागच्या गोल भागाला. आता पिकअप (तारांचा आवाज पकडणारी कॉइल) निवडायचा स्विच एकेक घर फिरवा. तीन सिंगल कॉइलवाल्या गिटारवर एकटा पिकअप साधारण ५ ते ७ किलोओहम दाखवतो आणि दुसऱ्या-चौथ्या घरात दोन पिकअप पॅरलल असतात म्हणून आकडा अर्ध्याच्या जवळ, ३ च्या आसपास येतो. हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) असल तर आकडा जास्त येणार. शून्याजवळ आला तर कुठंतरी शॉर्ट आहे. नुसता १ किंवा ओएल आला तर त्या घरात पिकअप लागतच नाही, म्हणजे स्विच, वायर नाहीतर पिकअपच तुटलाय. आकडा नाचत असल आणि स्विच हलवला की थांबत असल तर दोष स्विचचाच.

आपल्याकडच्या धुळीनं स्विच लवकर खराब होतो हे मी कितीदा बघितलंय. उघडा स्विच असल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि वीस-तीस वेळा खटाखट फिरवा. तीन घरांचा टॉगल असल तर वहीच्या कागदाची बारीक पट्टी कापा, क्लीनरनं ओली करा, दोन पत्त्यांच्या मधे घाला, पत्त्या बोटानं हलक्या दाबा आणि पट्टी ओढा. पहिली पट्टी काळी निघते, दुसरी कमी, स्वच्छ निघेपर्यंत ओढत राहा. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघून जातो.

डाग मारायचाच असल तर आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मळकट, दाणेदार दिसणारा डाग कच्चा समजा. स्विचला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न चालतं, पण पॉटची (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग) पाठ लवकर तापत नाही, तिथं ४० ते ६० लागतं.

राहिला घूंऽऽ आवाज. तारांना हात लावल्यावर कमी होत असल तर ब्रिजची (तारा जिथं बसतात ती पट्टी) अर्थ वायर लागलेली आहे, सिंगल कॉइलला थोडा आवाज राहतोच. हात लावून फरकच पडत नसल तर ब्रिजला जाणारी वायर तपासा. आणि झिणझिण्या आल्या तर तिथंच थांबा, ॲम्प बंद करा, तो दोष ॲम्पचा नाहीतर घरातल्या अर्थिंगचा असतो, ॲम्प स्वतः खोलू नका. इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि अर्थिंगमधे व्होल्टेज बघून घ्या, २३० च्या आसपास यायला पाहिजे. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडतो, तिथं रोज बादलीभर पाणी टाका, पाण्याची ओढ असल तर भांडे धुतलेलं टाकलं तरी चालतं.