कोंबडी गप्प बसली की

आजार लपवण्यात कोंबडी पटाईत. म्हणून सकाळी खुराडं उघडलं की मी दाणे टाकायच्या आधी तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपते. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. तेव्हाही फुगलेली, पचपचीत आणि चोचीला आंबूस वास येत असेल, तर पचन अडलंय. उलटी धरून ओकवू नका, पाणी श्वासात जाऊन जीव जातो. डॉक्टरकडे न्या.

माझी चिमी एकदा शेपटी खाली टाकून, पेंग्विनसारखी ताठ उभी राहून सारखा जोर करत होती. अंडं अडकलं होतं. पोट बुडेल एवढ्या कोमट पाण्यात २० मिनिटं बसवली (आश्चर्य म्हणजे डुलकी काढली बाईंनी!), टॉवेलने कोरडी करून अंधाऱ्या, उबदार खोक्यात ठेवली. दीड तासाने अंडं आलं, कवच कागदासारखं मऊ. तेव्हापासून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम असतो. बोटाने अंडं ओढू नका. आत फुटलं तर जंतुसंसर्ग होतो. काही तासांत सुटलं नाही, तर डॉक्टरच.

अधूनमधून चॉकलेटी, चिकट, घाण वासाची शीट दिसते, त्यात काळजीचं काही नाही. रक्त दिसलं, तर मात्र तिला वेगळी ठेवा आणि शीट तपासून घ्या. शिंका, डोळ्यांत फेस असला तरी आधी वेगळी. एकाएकी दोन-तीन मेल्या, तर उघड्या हाताने शिवू नका, पशुवैद्यकाला कळवा.