पीटी१०० मोजायला बसण्याआधी

पीटी१०० म्हणजे प्लॅटिनमचा तापमान-सेन्सर: शून्य अंशाला १०० ओहम, तापला की रोध वाढतो. तो बर्फात, म्हणजे शून्य अंशाला, तपासायचा तर मीटर तासभर आधी चालू करून ठेवा. वही, पेन, बॅटरी हे सांगत बसत नाही.

दोन वायरींवर मोजणार असाल तर पुढचं वाचू नका. पीटी१०० एका अंशाला जेमतेम ०.३९ ओहम बदलतो. ०.२ चौरस मिमीची तांब्याची वायर दहा मीटर ओढली तर जाऊन-येऊन पावणेदोन ओहम तिचेच, म्हणजे साडेचार अंशांची थाप. तीन वायरींत तिन्ही सारख्या आहेत असं धरलेलं असतं. एक स्क्रू ढिला निघाला की हिशेब बोंबलला. चार वायरी घ्या, दोन करंटला, दोन व्होल्टेजला, आणि त्या सेन्सरपर्यंत वेगळ्याच न्या. सेन्सरच्या हेडमधल्या (वरच्या डबीतल्या) टर्मिनलवर दोन-दोन एकत्र पिळल्यात तर तिथून खालचा सगळा रोध मापात येणार.

आणि करंट उलटा करून दुसरं रीडिंग घ्या. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं. दोन वेगळे धातू जिथे जोडले जातात आणि दोन्ही सांधे सारखे गरम नसतात, तिथे मायक्रोव्होल्ट आपोआप तयार होतात, आणि मीटर ते मुकाट्याने रोधात धरतो. १ मिलिअॅम्पिअरला एक अंश म्हणजे फक्त ३९० मायक्रोव्होल्ट. स्वच्छ तांब्याला तांबं लावलं तर विशेष काही होत नाही, पण काळं पडलेलं टोक असलं तर सांध्यातल्या एका अंशाच्या फरकाला हजारभर मायक्रोव्होल्ट निघू शकतात. टोकं पॉलिश पेपरने घासा. एसीचा झोत टर्मिनलवर येत असेल तर पुठ्ठा आडवा लावा. शेवटचे दोन आकडे नाचत होते आणि मी बर्फाला शिव्या घालत होतो.

मीटरवर ऑफसेट कॉम्पेन्सेशन (हे मायक्रोव्होल्ट मीटरनेच वजा करायची सोय) असेल तर ते चालू करा. बऱ्याच मीटरवर बंद-चालू केलं की ते पुन्हा बंद होतं, म्हणून लाइट जाऊन आली तर परत बघा. चहा पिऊन आलात तरी बघा. करंटचा सोर्स वेगळा असेल तर दिशा बदला आणि चिन्ह सोडून दोन्ही रीडिंगची सरासरी काढा. एकाच दिशेचं रीडिंग कितीही स्थिर दिसलं तरी धरू नका.

बर्फ डिस्टिल्ड पाण्याचा, बारीक ठेचून थर्मासमध्ये गच्च भरा, पाणी फक्त फटी भरण्यापुरतं. बर्फ तरंगायला लागला की जास्तीचं पाणी काढा: चार अंशांचं पाणी सर्वांत जड, ते तळाशी बसतं, आणि सेन्सरचं टोक तिथे टेकलं की शून्य काही मिळत नाही. खोल घाला, पण टेकवू नका.

करंटने सेन्सर स्वतःही तापतो. १ आणि १.४१ मिलिअॅम्पिअरला मोजा. पहिल्याच्या दुपटीतून दुसरं वजा केलं की शून्य करंटचा रोध. (दोन्ही वेळा दिशा बदलून, हे परत सांगायला नको.)

पावसाळ्यात सेन्सर सुकवून घ्या. आत ओल शिरून इन्सुलेशन १ मेगओहमवर आलं तर १०० ओहमचे ९९.९९ होतात. पीटी१०० ऐवजी १० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमानाने रोध बदलणारा दुसरा सेन्सर) असेल तर वायरींची चिंता सोडा, तापण्याची करा.

वहीत करंट, रेंज, सेन्सरचा नंबर. उलट्या करंटला वेगळा रकाना. तो रिकामा दिसला तर बर्फ आहे तोवर परत मोजा.