नवे स्पीकर घेण्याआधी आरसा घ्या

गाण्यातले शब्द एकमेकांत मिसळल्यासारखे ऐकू येत असतील, तर आधी खोलीत एक टाळी वाजवून बघा. मागोमाग 'टर्रर्र' असा झणझणाट आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज टोलवताहेत. नेहमीच्या जागी बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून छोटा आरसा सरकवायला सांगा. त्यात स्पीकर दिसला की नेमकी तीच जागा झाका, आवाज तिथूनच टोलवून तुमच्याकडे येतो. जाड, चुण्यांचा पडदा किंवा पुस्तकांनी भरलेलं कपाट चालतं. पातळ फोमवर पैसे घालवू नका, तो उंच पट्टीचा बारीक आवाज शोषतो, पण 'बास' म्हणजे खालच्या पट्टीचा जाड आवाज तसाच घुमतो (100 हर्ट्झच्या अशा आवाजाची लहर सुमारे 3.4 मीटर लांब असते, पातळ फोमला ती आवरत नाही!). बासचं घुमणं कमी करायला स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा. सगळ्याच भिंती मढवल्या तर गाणं निर्जीव वाटतं.