न्हाणीचं पाणी नालीत सोडू नका, असं वापरा

२०१६ मधे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तरी आपल्याकडं आंघोळीचं पाणी आजही सरळ नालीत जातं. माणशी १५ लिटरची एक बादली धरली तरी पाच जणांचे ७५ लिटर झाले, अन् एका फ्लशला ६ ते १० लिटर लागतात, करा हिशोब.

हेच पाणी ड्रममधे वाळू-खडीची गाळणी करून गाळलं की परत वापरता येतं. आधी कोणतं पाणी घ्यायचं ते ठरवा. आंघोळीचं चालतं, कपडे विसळल्याचं चालतं. संडासचं अजिबात नाही, बाळाचे दुपटे धुतल्याचं नाही, खरकट्या भांड्यांचं पण नको, त्यातलं तेल गाळणीच बंद पाडतं. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी तर गाळायचीही गरज नाही, थेट कढीपत्त्याला घाला.

मग न्हाणीच्या तोंडाला केस अडकायला बारीक जाळी बसवा अन् तिथून दोन इंची पीव्हीसी पाइप बाहेर ड्रमपर्यंत न्या, उतार फुटाला पाव इंच तरी पाहिजे. ड्रम न्हाणीपेक्षा खाली बसत नसेल तर पाइपच्या भानगडीत पडूच नका, बादलीनं ओता.

खरं काम ड्रमचं आहे. २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम घ्या, तळाशी कॉक बसवा, कॉकच्या आतल्या तोंडाला जाळी गुंडाळा. खाली मोठी खडी, त्यावर बारीक खडी, मग लाकडी कोळशाचा थर अन् सगळ्यात वर जाडी वाळू, प्रत्येक थर अर्धी वीत, म्हणजे वर पाण्याला जागा राहते. वाळू अन् खडी आधी निवळ पाणी येईपर्यंत धुवायची, नाहीतर सुरुवातीचे कितीतरी दिवस गढूळच येत राहतं. वाळूवर जुनं सुती कापड टाकून मधोमध एक फरशीचा तुकडा ठेवा, म्हणजे पडणाऱ्या धारेनं वाळूत खड्डा पडत नाही. हे लोक हमखास विसरतात अन् मग गाळणी नीट गाळत नाही म्हणून ओरडतात.

गाळलेलं पाणी त्याच दिवशी संपवा. साठवलं की दुसऱ्या दिवशी वास सुटतो, अन् उघडं राहिलं तर डास आलेच, म्हणून झाकण पक्कं पाहिजे. फ्लश, गाडी धुणं, अंगणात सडा, केळी, शेवगा, नारळ, सगळ्याला चालतं. कोथिंबीर-मेथीला नको, प्यायला तर नाहीच नाही, कितीही निवळ दिसलं तरी.

आपल्याकडं बोअरचं पाणी जड, त्यात साबण जास्त लागतो, म्हणजे झाडाच्या मुळाशी क्षार साठणार. पानांच्या कडा करपायला लागल्या की थोडे दिवस साधं पाणी द्या, अन् धुण्याची पावडर कमी वापरा.

कापड आठवड्याला धुवा, वरची वाळू पाणी हळू उतरायला लागलं की धुवून परत टाका. जास्तीच्या पाण्याला ड्रमच्या वरच्या बाजूनं एक पाइप काढून शोषखड्ड्यात सोडा, नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीनं असेच खड्डे घरोघरी केले अन् गावातल्या उघड्या नाल्या बंद झाल्या. खड्डा मात्र विहीर-बोअरपासून लांबच घ्या.