क्वांटम बॅटरी: आधी दोनच सेल भरून बघा

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात, नागपूरच्या एप्रिलमध्ये, दुपारभर कूलरसमोर बसून मी क्वांटम बॅटरीवरचे, म्हणजे क्वांटम अवस्थांमध्ये ऊर्जा साठवणाऱ्या प्रणालींवरचे, शोधनिबंध वाचायचे. निम्मं डोक्यावरून जायचं. या विषयात नव्याने येणाऱ्यांना म्हणूनच सांगते, शंभर सेलांच्या सिम्युलेशनला लगेच हात घालू नका. कागद घ्या आणि दोन सेल घ्या.

सेल म्हणजे इथे क्युबिट, दोन ऊर्जा-पातळ्या असलेली क्वांटम प्रणाली. खालच्या पातळीवर असला की रिकामा, वरच्या पातळीवर गेला की भरलेला. प्रत्येकावर वेगळा, एकेक एकक जोर लावला, तर एकूण जोर दोन. आता तोच दोनचा जोर चार्जरच्या समीकरणातल्या, दोन्ही सेल एकदम उलटवणाऱ्या एकाच पदावर लावा, म्हणजे सिग्मा-एक्स गुणिले सिग्मा-एक्स (सिग्मा-एक्स म्हणजे एक सेल उलटवणारी क्रिया). वेळ बरोबर निम्मा लागतो! सुरुवातीला सेल गुंतलेले (एन्टँगल्ड), म्हणजे एकेकट्याचं वेगळं वर्णन करता न येणारे, नसतात, शेवटीही नसतात. गुंततात ते मधल्या वाटेवर. चार्जर नेमक्या क्षणी थांबवला नाही, तर ते पुन्हा रिकामे व्हायला लागतात. हे स्वतःच्या हाताने सोडवलं, तेव्हा कुठे मला एन्टँगलमेंटचं काम कळलं.

पुढे मी चुकले. सेल वाढवताना एकत्रित पदाचा जोरही नकळत वाढत गेला आणि भरण्याच्या वेगाचा आलेख झरझर वर चढला. मी खूश. सरांनी आलेख पाहून विचारलं, "दोन्हीकडे खर्च सारखाच धरलास ना?" आठवडाभराचं काम पुन्हा करावं लागलं, पण तो प्रश्न कायमचा उपयोगी पडला. हॅमिल्टोनियनचा, म्हणजे चार्जरच्या त्या पदांच्या बेरजेचा, नॉर्म (एकूण जोर) सारखा ठेवला तर दोन सेलांना वेग दुप्पट मिळतो. ऊर्जेचं प्रमाण विचलन सारखं ठेवलं तर फक्त १.४१ पट. निबंध वाचताना आधी ही अट शोधा.

एर्गोट्रॉपी, म्हणजे युनिटरी (उलट फिरवता येणाऱ्या क्वांटम) क्रियेने काढता येणारी जास्तीत जास्त ऊर्जा, हीही लवकर शिका. साठलेली सगळी ऊर्जा काढता येतेच असं नाही. पूर्ण मिश्र अवस्थेतल्या, म्हणजे निव्वळ यदृच्छेने निम्म्या शक्यतेने भरलेल्या वा रिकाम्या, क्युबिटमध्ये निम्मी ऊर्जा असते, पण युनिटरी क्रियेने त्यातली कणभरही काढता येत नाही. रॉबर्ट अलिकी आणि मार्क फानेस यांचा २०१३चा निबंध त्यानंतर वाचा, सोपा जाईल. क्युटिप हे क्वांटम सिम्युलेशनचं पायथॉन पॅकेज शिकायला पायथॉन जेमतेम येत असलं तरी चालतं; रेषीय बीजगणित मात्र पक्कं हवं.

मग तिसरा सेल घ्या. दोघादोघांना एकदम उलटवणारी पदं कितीही वेळ चालवली, तरी तीन रिकामे सेल पूर्ण भरत नाहीत. भरलेल्यांची संख्या शून्य किंवा दोनच राहते. मी सध्या इथेच, एकेकट्या सेलाला उलटवणारं छोटं पद जोडून बघते आहे.